गाडी धावताना दिसली पाहिजे

आमच्या घरी नवा कॅमेरा आला तो आजोबांच्या निवृत्तिवेतनातून, आणि आला तोच एक अट घेऊन. आजोबांना काचबिंदू आहे. समोरचे तेवढे दिसते. कडेचे जग हळूहळू मावळत चालले आहे. गेलेली दृष्टी परत यावयाची नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी आमच्या हैदराबादेत, हुसेनसागराच्या काठी, विजेवर धावणाऱ्या गाड्यांची ‘फॉर्म्युला ई’ शर्यत होणार असे वर्तमानपत्रात आले, तेव्हा सर्वांत अधिक उत्कंठा त्यांनाच लागली. भारतात अशी शर्यत पूर्वी कधी झाली नव्हती. परंतु त्या गर्दीत त्यांना नेणे शक्य नव्हते. आम्हां दोघी बहिणींना जवळ बोलावून ते म्हणाले, “तुम्ही जा, आणि मला एकच चित्र आणून द्या. मात्र त्यात गाडी धावताना दिसली पाहिजे.”

अट ऐकून आम्हांला हसू आले. एका सेकंदाचा चार हजारावा भाग टिपणारे यंत्र हाती असता ही काय अवघड गोष्ट! आजोबांचा जुना कॅमेरा आम्हांला ठाऊक होता. बडोद्यास तयार झालेला ‘आग्फा क्लिक थ्री’. शटरला वेग एकच, तोही संथ, आणि एका रिळात चित्रे बारा. त्यावर ते तरुणपणी सायकलींच्या शर्यती टिपत. शर्यतीपूर्वीचे दोन आठवडे त्यांनी आम्हांला काचीगुड्याच्या रस्त्यावर उभे करून त्यांची रीत शिकवली. जेथे चित्र घ्यावयाचे त्या दिशेस पाय रोवावेत, कमरेतून मागे वळावे, येणारे वाहन भिंगात धरावे, त्याच्याबरोबर वळत यावे, वळता वळताच कळ दाबावी, आणि कळ दाबल्यावरही थांबू नये. आम्ही त्यांचे मन राखण्यापुरते वळलो. खरे सांगावयाचे तर भररस्त्यात असे गरगर वळण्याची आम्हांला लाजच वाटत होती. पलीकडचा पानवाला तर दररोज हसे.

शर्यतीचा दिवस उजाडला. सकाळी गाड्यांचा सराव होता. आम्ही एन. टी. आर. मार्गावरील मांडवात जाऊन बसलो, आणि पहिल्याच क्षणी आमची फजिती झाली. पेट्रोलच्या गाडीचा गर्जना करीत येण्याचा रिवाज. येथे मात्र एक बारीक, चिरका, शिट्टीसारखा स्वर कानी पडे आणि मान वळवीपर्यंत गाडी निघून गेलेली असे. शिवाय प्रेक्षक आणि रस्ता यांच्यामध्ये तारेची उंच जाळी होती. आमच्या बुद्धिमान कॅमेऱ्याने गाडी सोडून त्या जाळीवरच नजर रोवली. चाळीस चित्रांत जाळीचा प्रत्येक गाठगोळा रेखीव, आणि मागे एक निळसर धूर! अखेर आम्ही त्याची स्वयंचलित दृष्टी बंद केली, रस्त्यावरची एक पांढरी खूण हाताने नेमून घेतली, शटर दोन हजाराव्या भागावर ठेवले, आणि एक गाडी अगदी स्वच्छ पकडली. चाकाच्या कडेवरची अक्षरेसुद्धा वाचता येत होती. हर्षभराने आम्ही ते चित्र मोबाइलवरून घरी धाडले.

पाच मिनिटांत आजोबांचा फोन आला. “काय गं, ही गाडी वाटेत बंद पडली होती का?”

आम्ही वरमलो. धाकटी तर रडवेली झाली. पण मागाहून वहीवर हिशेब मांडला तेव्हा आजोबांचे म्हणणे पटले. ताशी २०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ५५ मीटर जाते. दोन हजाराव्या भागात ती पुरती तीन सेंटिमीटरही सरकत नाही. मग ती उभी दिसेल नाही तर काय होईल? तेच शटर साठाव्या भागावर आणले की गाडी जवळजवळ एक मीटर जाते. तेवढ्या अवधीत कॅमेरा तिच्याबरोबर वळला तर गाडी ठसठशीत राहते आणि फरफटते ते मागचे जग. आणि गंमत अशी की, ज्या जाळीने आम्हांला सकाळभर छळले ती जाळीही त्या फरफटीत विरून जाते.

दुपारी तीन वाजता शर्यत सुरू झाली. ऊन कडक, साठाव्या भागासाठी भिंगाचे तोंड जवळजवळ मिटून घ्यावे लागले. आम्ही पाळ्या ठरवल्या. एकीने गाडी दिसताच “आली!” म्हणावयाचे, दुसरीने वळावयाचे. आता लाज कोठल्या कोठे गेली होती. जॅग्वार संघाच्या दोन गाड्या एका वळणावर एकमेकींवर आदळल्या, सारा मांडव ओरडला, तेव्हाही आम्ही मान खाली घालून मागच्या पडद्यावर आपली चित्रे तपासत होतो! फ्रान्सचा झां-एरिक व्हर्न प्रतिस्पर्ध्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतरावर थोपवून जिंकला, हेही आम्हांला टाळ्यांवरून कळले. सहाशेच्या वर चित्रे घेतली. त्यांत कामाचे एक. पुन्हा प्रयत्न करू म्हणावे तर पुढील वर्षी, २०२४ साली, येथे व्हावयाची शर्यत रद्दच झाली.

आजोबांनी ते छापील चित्र बहिर्गोल भिंगाखाली धरून कितीतरी वेळ पाहिले. बोलले काहीच नाहीत. मग टाकाऊ म्हणून बाजूस ठेवलेल्या चित्रांतील एक त्यांनी उचलले. त्यात गाडीमागचे दिव्यांचे खांब तिरपे झाले होते. कोणीतरी आवाज न करणारे शटर चालू केले होते (कोणी, यावर आमचे अद्याप भांडण आहे), आणि ते शटर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वरून खाली टिपते. तेवढ्यात कॅमेरा वळला म्हणून खांब कलले. आजोबा खुलले. त्यांनी आम्हांला झाक आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराची हकीकत सांगितली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याने ऐन तारुण्यात घेतलेल्या शर्यतीच्या एका चित्रात चाक लंबवर्तुळ होऊन पुढे झुकले आहे आणि प्रेक्षक मागे कलले आहेत, कारण तेच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६३ साली त्याचे प्रदर्शन भरवले तेव्हा कोठे जगाने त्याला ओळखले. “हे फेकू नका,” आजोबा म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी कॅमेरा मागून घेतला. आम्ही शटर साठाव्या भागावर ठेवून दिले, आणि त्यांना सज्जात उभे केले. त्यांनी पाय रोवले, कमरेतून डावीकडे वळले. कोपऱ्यावरून एक ऑटो फटफटत आला. आम्ही “आली” म्हणावयास तोंड उघडले, तोच त्यांनी हाताने आम्हांला गप्प केले. ते कानाने त्याच्यामागून वळत होते. कळ वाजली, तरी ते थांबले नाहीत. आवाज स्थानकाकडे विरेपर्यंत वळत राहिले.

चित्रात ऑटोचे मागचे चाक कापले गेले आहे. पुढचा दिवा, चालकाची खाकी बाही आणि त्याचा अर्धा चेहरा मात्र लख्ख आहे, आणि मागे आमची सारी गल्ली वाऱ्यासारखी ओढली गेली आहे. ते चित्र आता शर्यतीच्या चित्राशेजारी, एकाच चौकटीत लावले आहे.