अक्काची वही आणि सवलतीतलं मशिन

सिन्नर,
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. मनीषास,


काल रात्री 1 वाजून 10 मिनिटांनी तू पाठवलेला जाहिरातीचा फोटो मी सकाळी दूध तापवताना पाहिला. 36,500 वर काट, खाली लाल अक्षरांत 21,999, आणि तुझी ओळ, ‘मामा, रंगीत लेझर प्रिंटर आहे, घेऊन टाकू का? उद्या रात्रीपर्यंतच आहे.’ आणि त्याखाली, अक्काच्या वहीच्या बारा प्रती काढून घराघरांत एकेक द्यायची आहे. दूध उतू गेलं. तुझी मामी रागावली, म्हणून तिला फोन दाखवला, तर तीही गप्प झाली आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. त्या वहीचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच मनात इतक्या वर्षांत आला नाही. तो तुझ्या मनात आला.

फोनवर उत्तर द्यायला गेलो, पण तेवढ्याशा चौकोनात मला लिहिता येत नाही. म्हणून ‘थांब’ एवढंच कळवलं आणि कागद घेतला. पत्र पोचेल तेव्हा ती सवलत संपलेली असेल. संपू दे. दसऱ्याला होती, दिवाळीला आहे, मार्चअखेरीला पुन्हा येईल.

रंगीत लेझरचं मला वावडं आहे असं मुळीच समजू नकोस. आपल्या प्रेसमधल्या ट्रेडलवर दोन रंगांची लग्नपत्रिका काढायची तर आधी लाल गणपती, मग सगळा गठ्ठा फळ्यांवर पसरून रात्रभर वाळवायचा, रोलर रॉकेलने धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी काळा मजकूर. रजिस्टर केसभर सरकलं की सोंड थेट वधूपित्याच्या नावात. त्या फळ्यांखाली तू चटई टाकून झोपायचीस आणि शाईच्या वासाची तक्रार फक्त तुझे बाबा करायचे. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी छपाईवालेच. 1909 मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी ते जर्मनीपर्यंत गेले होते. एका रंगावर दुसरा रंग बरोब्बर बसवण्यासाठी माणसं एवढी यातायात करत. आणि हे मशिन पिवळा, किरमिजी, निळा, काळा असे चारही रंग काही सेकंदांत एकावर एक बसवून कोरडा कागद हातात देतं. प्रकाशाने ड्रमवर विजेचं चित्र काढायचं, त्याला प्लॅस्टिकची बारीक पावडर चिकटवायची, ती कागदावर उतरवायची आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखाली वितळवून बसवायची. चेस्टर कार्लसनने 22 ऑक्टोबर 1938 रोजी याची पहिली खूण उमटवली, तेव्हा वीज भरायला गंधक लावलेला पत्रा सुती रुमालाने घासला होता. हे वाचलं त्या दिवशी मी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं होतं.

पण तू विचारलंस ते वेगळं. घ्यावं का?

जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत आहे ते भिंग लावून वाचलं. सोबत मिळणारी कार्ट्रिज ‘स्टार्टर’ आहेत, 700 पानांची. ही 700 पानं कशी मोजतात माहीत आहे का? पानाच्या सुमारे पाच टक्के जागेवर एक रंग पडला असं धरून. ए-फोरचे पाच टक्के म्हणजे दोन आगपेट्या शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा झाकेल, त्याहून जराशी कमीच. आता अक्काची वही डोळ्यांसमोर आण. पाठीवर पाढे छापलेली ती दोनशे पानी वही, त्यातली 180 भरलेली. कागद पार पिवळा पडलाय. तू ती रंगीत स्कॅन करून तशीच छापलीस, तर मशिनला अक्षर कुठलं आणि कागद कुठला हे कळत नाही; ते अख्ख्या पानाचा पिवळेपणा छापत बसेल. पिवळी पावडर धरलेल्या हिशेबाच्या चौपट तरी जाणार. 700 ला 4 ने भाग. 175. मने, एक प्रतसुद्धा पुरी होत नाही! पिवळा संपला की बहुतेक मशिनं रंगीत काम थांबवतात, काही तर काळंही छापत नाहीत. मग चार मूळ डबे विकत घे. मी नाशकातल्या ओळखीच्या दुकानात दुपारी फोन करून विचारलं. चारांचा संच त्या मशिनच्या किमतीच्या जवळपास जातो.

हा झाला पैशाचा हिशेब, तो तुला जमतो. मला त्याहून जास्त लागतं ते दुसरंच. 2011 मध्ये मी रंगीत लेझर घेतला होता तो तुला आठवत असेल, कंपनीचं नाव काढत नाही. पहिला काळा डबा संपला, तेव्हा आपल्या नेहमीच्या पोराकडून पावडर भरून घेतली. ड्रम उत्तम, रोलर उत्तम, पावडर चांगली. मशिनने घेतलं नाही. डब्यावर नखाएवढी चिप असते, ती म्हणाली डबा रिकामा. भरलेला डबा मी हातात धरून उभा, आणि पडद्यावर ‘डबा बदला’. आपल्या ट्रेडलचा दाता तुटला, तेव्हा मुसळगावच्या वसाहतीत एका लेथवाल्याने संध्याकाळपर्यंत नवा करून दिला होता आणि रात्री विड्यांची लेबलं छापून सकाळी कारखान्यावर पोचवली होती. ज्या वस्तूला माझ्या गावातला माणूस हात लावू शकत नाही, ती माझ्या घरात असली तरी माझी नाही. पैसे मी भरले, जागा माझी, वीज माझी, आणि चालायचं की नाही ते ठरवणार दुसरा कुणी. हे मला तेव्हाही सोसलं नाही, आजही सोसत नाही. आता तर इंटरनेटवरून या मशिनांचं सॉफ्टवेअर रातोरात बदलतं आणि काल चालणारा भरलेला डबा आज चालत नाही. फ्रिजचं, मोटारीचं, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचंही हळूहळू हेच होत चाललंय. तुम्ही शिकलेली मुलं हे मुकाट्याने कसं घेता, मला कळत नाही.

अजून एक दाखवतो. गेल्या दिवाळीत तू ऑफिसातून रांगोळीचं रंगीत पान छापून आणलं होतंस. ते मी जपून ठेवलंय. आज संध्याकाळी दिवे बंद करून त्यावर निळी एलईडी धरली आणि प्रेसमधलं जुनं भिंग लावलं. कोऱ्या भागात बारीक ठिपके आहेत, उघड्या डोळ्याला न दिसणाऱ्या पिवळ्या रंगाचे, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आलेले. कित्येक रंगीत लेझर मशिनं असे ठिपके टाकतात. 2005 मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने झेरॉक्सच्या एका मशिनचे ठिपके उलगडले, तर त्यात मशिनचा क्रमांक, तारीख आणि वेळ निघाली. खोट्या नोटा छापणारा सापडावा म्हणून ही सोय. ते कारण मी मानतो. नाशिकरोडला 1928 पासून नोटांची प्रेस आहे, आपल्या भाऊकाकांनी तिथे आयुष्य काढलं, खोट्या नोटेने गरिबाचं काय होतं हे त्यांच्याकडून पुष्कळ ऐकलंय. पण विकताना हे कोण सांगतं? अक्काच्या ओव्यांवर कुणा मशिनचा नंबर बसणार आणि आपल्याला पत्ताही नसणार, याचं मला वाईट वाटलं.

असो. मी फार वाहवत गेलो. मामी दोनदा डोकावून गेली.

मने, तुझ्या निरोपाची शेवटची ओळ मी मुद्दाम शेवटाला ठेवली. ‘शिवाय घरबसल्या काहीतरी सुरू करता येईल म्हणते.’ हे केव्हापासून म्हणतेस? तुझी नोकरी ठीक आहे ना? रात्री एक वाजता माणूस प्रिंटरच्या जाहिराती बघत नाही. संदीपराव काय म्हणतात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. हप्त्यावर घेणार होतीस का? पत्रिका, मुलांचे तक्ते, वाढदिवसाची स्टिकरं घरी छापून चार पैसे मिळतात, नाही असं नाही. पण त्यासाठी हे मशिन नाही. दिवसाला पाच-दहा पानं काढणाऱ्या घरगुती मशिनवर धंदा लादला की ड्रम आणि बेल्ट वर्षात मान टाकतात. धंदाच करायचा असेल तर मला स्पष्ट सांग. मी चाळीस वर्षं हेच केलंय, तुझ्याबरोबर बसून हिशेब मांडीन. आणि अडचण असेल तर तेही सांग. कोजागिरीला फोन केलास तेव्हा तू हसलीस, पण ते हसणं मला ओळखीचं वाटलं नाही.

मशिन कुठे ठेवणार होतीस? चिनू झोपतो त्या खोलीत? लेझर तापला की अगदी बारीक कण हवेत सोडतो, आणि त्याची छाती पावसाळ्यात कशी असते हे मी पाहिलंय. बंद खोलीत ते नकोच. इन्व्हर्टरवरही लावायचं नसतं, रोलर तापताना एकदम हजार वॅटच्या आसपास ओढ लागते.

घरात खरंच प्रिंटर हवा असेल तर साधा काळा-पांढरा लेझर घे, ज्याचा डबा कोपऱ्यावरचा माणूस भरून देतो असा. लेझरची पावडर शाईसारखी वाळत नाही, महिनाभर बंद राहिला तरी पहिलं पान स्वच्छ येतं, हा त्याचा गुण मी कुणापुढेही सांगेन. चिनूच्या शाळेला रंगीत लागलं तर चौकातल्या दुकानात जा.

वहीचं मात्र माझ्यावर सोड. बहुउद्देशीय मशिनच्या वरच्या तोंडातून तिची पानं ओढायला लावू नकोस, हात जोडून सांगतो. तो कागद आता पापडासारखा झालाय, रोलर एका पानाची चार करील. काचेवर उघडी ठेवून, एकेक पान, 600 डीपीआयवर रंगीत स्कॅन करायचं. पेन्सिलीचं अक्षर पुसट आहे, त्याहून कमीवर ते नीट उतरेल याची खात्री नाही. स्कॅन दोन ठिकाणी ठेवायचे, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. मग पिवळेपणा मी एकेका पानावरून हलक्या हाताने उतरवीन. सगळा नाही. पुरणपोळीच्या पानावर हळदीचा अंगठा उमटलाय, तो तसाच राहील. विड्यांचे हिशेब, ‘सातशे वळल्या, चाळीस छाट’, आणि त्याच पानाच्या समासात लिहिलेली जात्यावरची ओवी, ही पानं जशी आहेत तशी. मग पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डिजिटल छपाईवाले आहेत, त्यांच्याकडून बारा प्रती जाड, किंचित मळकट पांढऱ्या कागदावर काढू. शिवण मी इथे घालीन, दोऱ्याची. खर्च माझा. अक्का माझी बहीण होती, तेवढा हक्क मला दे.

वही कुरिअरने पाठवू नकोस. शनिवारी तू स्वतः घेऊन ये, चिनूलाही आण. पुण्याहून नाशिकची गाडी पकड, पण बायपासने जाते की स्टँडात येते हे कंडक्टरला आधी विचार. मी स्टँडवर असेन. गोंदेश्वराच्या आवारात चिनूला पळायला सोडू, तू माझ्याशी दोन शब्द बोल. मामीने शेंगोळ्यांचं ठरवून ठेवलंय.

तुझा,
मामा

ता. क. वहीतलं ते पान तू वाचलंस का, ‘मनीची फी 40, यमुनाबाईकडून उसने’? पेन्सिलीने आहे. त्याच पानाच्या मागे, शाईने, ‘फेडले’ असं लिहून अक्काने खाली रेघ मारली आहे.