पांढरी पट्टी

शनिवार रात्र आली की आमच्या फ्लॅटवर हमखास एक युद्धपट लागतो. कॉलेजपासूनची सवय. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'पासून '१९१७'पर्यंत बहुतेक सगळे पाहून झालेत, काही तर तीनतीनदा. पण पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो तो एकच, 'द हर्ट लॉकर'. या खेपेला सोबत दादा होता, म्हणून हा लेख.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. आमचं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. दादा सतरा वर्षं बॉम्बे सॅपर्समध्ये होता, हवालदार म्हणून निवृत्त झाला. बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालय इथंच पुण्यात, खडकीला. आपण रोज ज्या रस्त्याने आयटी पार्क गाठतो त्यातल्या अर्ध्या जणांना ते कुठंय हे ठाऊक नसतं, ते असो.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ २००४ चा, जागा बगदाद. अमेरिकन लष्करातलं बॉम्ब निकामी करणारं तीन जणांचं पथक. त्यांची ड्यूटी संपायला काही आठवडे उरलेत आणि रोज कुठंतरी रस्त्यात, गाडीत, कचऱ्याच्या ढिगात पुरलेला बॉम्ब सापडतोय. कथा लिहिणारा मार्क बोल हा पत्रकार इराकमध्ये अशाच पथकासोबत राहून आला होता. २०१० मध्ये या सिनेमाला सहा ऑस्कर मिळाली. 'अवतार'सारखा अगडबंब सिनेमा स्पर्धेत असताना! दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणारी कॅथरिन बिगेलो ही पहिली स्त्री.

सिनेमाचा नायक सार्जंट जेम्स. काम बघाल तर हातात जादू, पण माणूस एकदम बेफाम. मध्येच हेडसेट काढून टाकतो, संरक्षक सूट उतरवतो. निकामी केलेल्या बॉम्बचे सुटे भाग पलंगाखाली खोक्यात जपून ठेवतो. घरी परतल्यावर सुपरमार्केटात सीरियलच्या खोक्यांच्या भल्यामोठ्या रांगेसमोर हा माणूस गोंधळून उभा राहतो, कोणतं घ्यावं कळत नाही. आणि शेवटी पुन्हा इराकला निघून जातो. मला तो सुपरमार्केटचा प्रसंग सगळ्या स्फोटांपेक्षा भारी वाटतो.

दादा शांतपणे बघत होता. हेडसेट काढल्यावर मात्र म्हणाला, "ह्यो गडी आमच्याकडं असता तर दुसऱ्याच दिवशी माघारी धाडला असता."

मी म्हटलं, "अरे दादा, पण तो बेस्ट आहे ना त्या कामात."

"बेस्ट कसला? बॉम्बपाशी एकटा माणूस दिसतो रे, पण तो एकटा नसतो. त्याच्या मागं समदी कंपनी थांबलेली असते. ह्यानं बोलणंच बंद केलं तर मागच्यांनी काय करायचं?"

मग त्याने विचारलं, "राणेसाहेबांवर काढला का कुणी असा पिक्चर?"

राणेसाहेब म्हणजे रामा राघोबा राणे, परमवीर चक्र. मूळचे कारवारजवळच्या चेंडिये गावचे, वडील पोलिसात. १९४० साली साधे शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. त्यानंतर चारच महिन्यांत, एप्रिल १९४८ मध्ये, त्यांच्यासमोर नौशेरा ते राजौरीचा रस्ता आला.

अंतर म्हणाल तर पन्नासेक किलोमीटर. एका बाजूला डोंगर, रस्त्यावर झाडं पाडून केलेले अडथळे, त्यांच्या आजूबाजूला पेरलेले सुरुंग, आणि वरून मशीनगन आणि मॉर्टरचा मारा. राजौरीत हल्लेखोरांनी कत्तल चालवली होती, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. रणगाडे पुढे न्यायचे तर आधी रस्ता मोकळा हवा, आणि तो मोकळा करायचं काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या राणेंच्या तुकडीकडे.

८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच मॉर्टरचे गोळे येऊन पडले. तुकडीतले दोन जण गेले, पाच जखमी झाले. जखमींत खुद्द राणे होते. मलमपट्टी करून ते पुन्हा कामाला लागले. पुढे रणगाडा सुरुंगांतून काढायची वेळ आली तेव्हा हा माणूस चालत्या रणगाड्याच्या खाली सरपटत गेला. हातात दोरी, तिचं दुसरं टोक रणगाडा चालवणाऱ्याकडे. दोरीच्या ओढीवर थांब आणि चल, असा इशारा. वर कित्येक टनांचं धूड, खाली सुरुंग, आणि मध्ये राणे!

पण मला याहून मोठं वाटतं ते ११ तारखेचं काम. सकाळी सहाला सुरुवात, रात्री दहाला शेवट. सोळा तास. चिंगसपर्यंतचा रस्ता त्या दिवशी खुला झाला. आदल्या तीन दिवसांचं काम आणि अंगावरची जखम वेगळीच. १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत पोचलं.

एक गंमत बघा. राणे तो रस्ता साफ करत होते तेव्हा आमचा बीड जिल्हा भारतात नव्हताच. निजामाच्या राज्यात होता. आमच्याकडे स्वातंत्र्य आलं ते पोलीस कारवाईनंतर, १७ सप्टेंबर १९४८ ला. आज त्याच बीडची पोरं खडकीला त्याच रेजिमेंटमध्ये राणेंची गोष्ट ऐकून सॅपर होतात.

सॅपर्सच्या घरात ही परंपरा आणखी जुनी आहे. १९४१ मध्ये अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत याच बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत सलग चार दिवस सुरुंग काढत होते. पंधरा सुरुंगक्षेत्रं, पंचावन्न मैलांचा रस्ता. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता जेम्स आणि राणे शेजारी ठेवून बघा. धाडस दोघांकडे आहे. पण जेम्स बॉम्ब मोजतो, आणि राणेंचं काम मोजायचं तर त्या रस्त्यावरून मागून कोण गेलं हे मोजावं लागतं. सुरुंग काढून झाले की सॅपर मोकळ्या वाटेच्या कडेने पांढरी पट्टी अंथरत जातात. पट्टीच्या आत पाय ठेवा, बाहेर नको. दादा म्हणतो, "पट्टी लागली की आपलं काम संपलं. त्यावरनं जाणारा आपल्याला वळखत बी नाही, आन् नकोच वळखायला."

सिनेमावाल्यांचीही अडचण समजते. लाल वायर कापायची की निळी, हे दोन मिनिटांत दाखवता येतं. सोळा तास संगिनीच्या टोकाने माती चाचपणं कसं दाखवणार? आपल्या ऑफिसातही हेच चालतं की. रात्री दोनला सर्व्हर पडला आणि कुणीतरी तो उठवला की सकाळी सगळ्या ग्रुपला कौतुकाचा मेल. ज्याच्या कोडमुळे सर्व्हर कधी पडतच नाही त्याला कोण मेल करतं? अर्थात आपल्याकडे चूक झाली तर फार तर बोनस जातो. तुलना इथंच थांबवलेली बरी.

कारण पुरलेला बॉम्ब ही फक्त बगदादची किंवा १९४८ ची गोष्ट नाही. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग स्फोट केला. रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळल्याची बातमी आली म्हणून पोलिसांचं शीघ्र कृती दल खासगी गाडीतून निघालं होतं. १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्यातला एक जवान आमच्या शेजारच्या पाटोद्याचा होता. त्या दिवशी आमच्या भागात युद्धपटाचं नावही कुणी काढलं नसतं. त्या गाडीच्या पुढे वाट तपासत कुणी चालत गेलेलं नव्हतं, मला राहून राहून तेवढंच आठवतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण दादाचा मुलगा. एकोणीस वर्षांचा आहे. पहाटे पाचला डांबरी सडकेवर पळतो. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत. आमच्याकडे पाऊस नाही, जमीन हलकी, दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, तेव्हा भरती हा पोरांसाठी सिनेमा नसतो, पगार असतो. तरी त्याच्या मोबाइलवर मात्र सगळे जेम्सच. स्लो मोशन, मागे म्युझिक, स्फोटाकडे पाठ करून चालणारा हिरो. अग्निवीर म्हणून गेला तर चार वर्षं. पुढे कायम होतील ते चारांतला एक.

मी दादाला विचारलं, तू त्याला काय सांगतोस? अडवत का नाहीस?

"अडवून काय देऊ त्याला? कोयता?" दादा म्हणाला. मग जरा वेळाने, "एवढंच सांगतो, हिरो व्हायला जाऊ नको. मागून चार माणसं नीट घरी गेली पायजेत, त्याच्यासाठी जा."

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ ला याच पुण्यात वारले. त्यांच्या नावाचं तेलवाहू जहाज होतं, कारवारला पुतळा आहे, २०२३ पासून अंदमानात एका बेटाला त्यांचं नाव आहे. कुणी चांगला दिग्दर्शक सापडला तर सिनेमाही होईल. झालाच तर माझी एकच मागणी आहे. रणगाड्याखालचा प्रसंग तर कुणीही घेईल, ते ११ एप्रिलचे सोळा तास सोडू नका.

तोवर 'हर्ट लॉकर' जरूर बघा. शक्य असेल तर एखाद्या निवृत्त सॅपरला शेजारी बसवून बघा.