आधी सीट बघा

मिलिटरीची पँट अल्टर करायला आणणारं गिऱ्हाईक भोसरी-चाकणकडे दोन प्रकारचं असतं. एक राजगड-तोरण्याला निघालेलं, दुसरं फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ग्राइंडर चालवणारं. दोघांचं मागणं एकच, "माझी कंबर बत्तीस, बत्तीसमध्ये बसवून द्या." शिंपी म्हणून मी दोघांना एकच सांगतो. कंबर शेवटी बघू, आधी सीट बघू.

कंबर ही पँटमधली सर्वांत समजूतदार जागा. मागची शिवण उसवली की आत जेवढं मार्जिन असेल तेवढी ती सैल होते. आवळायला तर बऱ्याच लष्करी पँटींना बाजूलाच पट्ट्या असतात. सीटचं आणि कमरपट्टीपासून पायांच्या सांध्यापर्यंतच्या उंचीचं तसं नाही. तिथं मुळात कापडच नसेल तर कारागीर ते आणणार कुठून? जोड देता येतो, पण खाली बसताना पहिला ताण त्याच जोडावर येतो.

ब्रिटिश सैन्यातून निघालेल्या पँटच्या आत ८०/८४/१०० असं लेबल सापडतं. हे सेंटिमीटर आहेत : आधी पायाची आतली लांबी, मग कंबर, मग सीट. ८४ची कंबर म्हणजे आपल्या टेपवर ३३ इंच. जुन्या अमेरिकी पँटवर 'मीडियम-रेग्युलर' असतं. त्यात ३१ ते ३५ इंच कंबर आणि साडेएकोणतीस ते साडेबत्तीस इंच आतली लांबी चालते. ही मापं अंगाची आहेत, हालचालीपुरती सैल कापडात वेगळी धरलेली असते. म्हणून टेप स्वतःच्या अंगाला लावावी. घरातल्या जीन्सवरच्या आकड्यावर जाऊ नये, तो कंपनीगणिक बदलतो.

माप घेताना मी गिऱ्हाइकाला उकिडवं बसायला लावतो. मागची कमरपट्टी चार बोटं खाली सरकली, गुडघ्यावर कापड ताणलं, मांडीच्या सांध्यात आडव्या रेघा उठल्या, तर ती पँट त्याची नाही. उभ्यानं कितीही देखणी दिसो. फिटरचा अर्धा दिवस गाडीखाली नाहीतर मशीनखाली वाकण्यात जातो. सैनिकाची पँटही रांगायला, चढायला, गुडघा टेकायला बेतलेली असते. आरशासमोर ताठ उभं राहून तिची पारख होत नाही.

फार मोठी घेणंही बरं नव्हे. मांडीवरचा मोठा खिसा ब्रिटिशांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या बॅटलड्रेसवर नकाशा ठेवण्यासाठी होता. पँट ढगळ झाली की हा खिसा गुडघ्याकडे उतरतो आणि चढणीवर पावलागणिक आतलं सामान गुडघ्यावर आपटतं. शॉपफ्लोअरवर धोका याहून मोठा. चालत्या यंत्राजवळच्या कामगाराचे कपडे अंगाबरोबर असावेत, हे १९४८च्या कारखाने कायद्यानं कलम २२मध्येच सांगितलं होतं. लेथवर काम असेल तर मोहरीतली नाडी मी आधी काढून टाकतो.

वेल्डिंगवाल्यांनी कापडही पारखून घ्यावं. कित्येक लष्करी पँटींत निम्मं नायलॉन असतं. ते टिकाऊ खरं, पण ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. त्यांनी जाड सुती पँटच घ्यावी, आणि मोहरी बाहेर दुमडू नये, दुमडीत ठिणगी अडकते. न वापरलेलं सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून उंची कापण्याआधी एकदा धुऊन आणायला सांगतो. उंची घ्यायची ती सेफ्टी शूज घालूनच.

रंगाबद्दलही सांगायला हवं. १५ जानेवारी २०२२च्या सेनादिनी आलेला आपल्या लष्कराचा नवा लढाऊ गणवेश खुल्या बाजारात विकण्यासाठी नाही. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेश करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८खाली गुन्हा आहे. कामाला साधी हिरवी किंवा खाकी पँट पुरते. ज्यांनी तो गणवेश कमावला आहे, त्यांच्यासाठी तो राहू द्यावा.

तेव्हा पँट घ्यायला जाताना टेप खिशात ठेवा, कामाचे बूट घालून जा, आणि दुकानात लाजू नका : पँट चढवून एकदा उकिडवं बसा, एक पाय स्टुलावर ठेवून बघा. कंबर आणि उंची आम्ही जमवून देऊ. सीट मात्र तुम्हीच नीट बघून आणायला हवी.