तिनं कुठे माळ घातलीय?

साताऱ्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउजच्या कापडातून उरलेल्या चिंध्यांचं पोतं ते कोपऱ्यात ठेवतात. वैशाखात त्या पोत्यात एक मांजरी व्याली. तीन पिल्लं.

"ताई, एक तरी घिऊन जावा. गिऱ्हाईक मापं द्यायचं सोडून पोत्याकडंच बघत बसतंय," मास्तर म्हणाले आणि मी हो म्हणून बसले. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, की आठ आठवडे पुरे होईपर्यंत त्यांना आईपासून तोडायचं नाही. किती जोरात चावायचं, नखं कधी आत ओढायची, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांशी मस्ती करताना शिकतं. म्हणजे तयारीला माझ्या हाताशी दीड महिना होता.

तो मी खरेदीत घालवला. झाकणाची संडासपेटी, मऊ गादी, घुंगरू असलेला चेंडू. यातल्या एकाही वस्तूला पुढे पिल्लानं पंजा लावला नाही. खरी तयारी घरातून काय काय काढायचं याची होती, आणि ती यादी डॉक्टरांनी तोंडी सांगितली.

पहिलं फिनेल. कामाला येणाऱ्या मावशी रोज बादलीत ते सढळ हातानं ओततात. वास दरवळला नाही तर लादी पुसल्यासारखी वाटतच नाही, त्यांनाही आणि माझ्या आईलाही. पण फिनेलमधलं फिनॉल मांजराच्या यकृताला पेलत नाही. मांजर लादीवरून चालणार आणि मग पाय चाटणार. त्याच कारणानं पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते, आणि आमच्या घरात त्या गोळ्या फ्रिजवर, देवघराच्या कोनाड्यात, कुठेही पडलेल्या असायच्या. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी मांजरापायी आपण घाणीत राह्यचं?" शेवटी साबणाच्या पाण्यावर तडजोड झाली, वरून साध्या पाण्याचा एक हात. कपाटातल्या डांबरगोळ्या गेल्या. बँकेतल्या समारंभात मिळालेला लिलीचा गुच्छ वॉचमनकाकांकडे गेला, कारण लिलीचा परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतो. गॅलरीला कबूतरजाळी होती, पण कुंड्यांच्या मागे खाली वीतभर फट राहिली होती. तिसरा मजला आमचा. ती फट मी स्वतः तारेनं शिवली.

एवढं झालं तरी मोठा प्रश्न बाकीच होता. आई माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तिच्या डोक्यात दूधभात होता. डॉक्टरांनी दोन्ही खोडून काढले. आईचं दूध सुटलेल्या पिल्लाला गाईचं दूध बऱ्याचदा बाधतं, जुलाब होतात. आणि मांजराला मांस लागतंच, कारण टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. हे आईला सांगायचं कसं? ती लोणंदला माऊलींच्या पालखीच्या दर्शनाला गेली होती, तेवढ्यात मी पिल्लांच्या कोरड्या खाण्याची पिशवी आणून गॅलरीत लपवली. आल्या आल्या तिला सापडली. तिनं ती वळवून वळवून पाहिली, माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "मग खाऊ दे की. तिनं कुठे माळ घातलीय?"

आषाढी झाली आणि पिल्लू वर आलं. वजन ७२० ग्रॅम. तिहेरी लसीचा पहिला डोस आणि जंताचं औषध झालं होतं. दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. मास्तरांनी पोत्यातल्या मूठभर चिंध्या सोबत दिल्या, ओळखीचा वास राहावा म्हणून. तिचं नावही त्यावरूनच पडलं, चिंधी.

पहिले काही दिवस एकच खोली द्यायची, सगळं घर अंगावर सोडायचं नाही, हे मला ठाऊक होतं. चिंधीनं त्या खोलीतलीही एकच जागा घेतली, कपाटामागची. तीन दिवस मला फक्त दोन डोळे दिसत होते. रात्री खाणं संपायचं, पण झाकणाची पेटी कोरडीच. मग मास्तरांनी सांगितलं, की पिल्लं शेजारच्या बांधकामाच्या वाळूत जायची. मी एक घमेलं आणलं, त्यात ती वाळू भरली. सकाळी काम झालेलं होतं. अडीच हजारांच्या खरेदीपुढे ते गंजकं घमेलं जिंकलं.

चौथ्या दिवशी आई गोधडीला पट्टी लावायला त्याच खोलीत पायमशीनवर बसली. मी नको म्हणत होते, आवाजानं पिल्लू बिचकेल. मशीन खडखडलं आणि चिंधी कपाटामागून चालत बाहेर आली, पायट्याजवळ बसली आणि तिथेच झोपली. माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण जन्मल्यापासून ती त्याच आवाजात झोपत आली होती.

मग आईनं शिवण तिथेच मांडली, आणि सातव्या दिवशी गुलाबी दोऱ्याचा वीतभर तुकडा दिसेना. सुई जागेवर होती. चिंधी जिभल्या चाटत होती. मी तिला पिशवीत घालून डॉक्टरांकडे पळाले. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात. दोरा तोंडात गेला की थुंकता येत नाही, गिळतच जावा लागतो, आणि आतड्यात अडकला तर आतड्याला चुण्या पडतात. डॉक्टरांनी जिभेखाली पाहिलं. तिथे काही अडकलेलं नव्हतं. उलटी, खाणं बंद, मरगळ, यांतलं काहीही दिसलं तर लगेच आणा, म्हणाले. आणि दोऱ्याचं टोक कुठूनही बाहेर दिसलं तरी ओढायचं नाही.

पुढचे दोन दिवस आई घमेल्यापुढे उकिडवी बसून काडीनं वाळू उकरत होती, तांदूळ निवडावेत तशी. चिंधी व्यवस्थित खात होती, आणि आईनंच जेवण निम्म्यावर आणलं होतं. तिसऱ्या सकाळी तिनं हाक मारली.

"सापडला बघ. पण चारच बोटं आहे. बाकीचा कुठे गेला?"

बाकीचा तिच्याच पदराला चिकटलेला होता.