ओढ्याकाठचा तिबोटी खंड्या

मृगाच्या सरींनी कोकणातील ओढे वाहते झाले आणि उन्हाळाभर दगडासारखी कठीण झालेली काठाची माती भिजून मऊ झाली, म्हणजे कर्नाळ्याच्या अरण्यात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेल्या अशाच छायाच्छन्न रानांत तिबोटी खंड्या दाखल होतो. चोचीसह त्याची लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर. पण मस्तकावरील जांभळी झाक, पंखांची गडद निळाई, पोटाचा सोनेरी पिवळा वर्ण आणि पोवळ्याच्या रंगाची चोच व पाय एवढ्याशा देहात एकवटलेले पाहून मन अक्षरशः थक्क होते. लिनियसने १७५८ साली या पक्ष्याची नोंद शास्त्राच्या दप्तरी केली. रायगड जिल्ह्याने तर त्याला आपल्या जिल्ह्याचा पक्षी म्हणून मान दिला, आणि तो मान अगदी यथायोग्य आहे.

त्याचे भाईबंद नद्या-तळ्यांच्या काठी उघड्यावर बसून मासे टिपतात. याने मात्र रानातील सावलीचा मुलूख पत्करला आहे. बेडूक, लहान खेकडे, कोळी, नाकतोडे आणि विशेषतः सापसुरळ्या हे त्याचे भक्ष्य, आणि पिलांच्या मुखी घालण्यापूर्वी ते फांदीवर आपटून निर्जीव करण्याची त्याची तत्परता पाहावी. एक तीक्ष्ण शीळ कानी पडते आणि मान वळेपर्यंत ती निळी रेषा ओढ्याच्या वळणाआड गेलेली असते.

परंतु त्याचे खरे सामर्थ्य मला दिसते ते त्याच्या गृहरचनेत. ओढ्याच्या उभ्या दरडीत, किंवा वाटेसाठी खणलेल्या मातीच्या कापात, नर आणि मादी आळीपाळीने चोचीने माती उकरतात आणि नखांनी ती मागे लोटतात. त्यांच्या देहाच्या कित्येक पट लांब, कधी मीटरभर, असे बीळ अशा रीतीने सिद्ध होते, आणि त्याच्या टोकाशी, अस्तरावाचून, नुसत्या मातीवर चार-पाच शुभ्र अंडी घातली जातात. दोघेही ती उबवतात. सुमारे सतरा दिवसांनी पिले बाहेर पडतात आणि पुढे तीनएक आठवडे त्या अंधारातच वाढतात. ज्या पावसाने माती मऊ केली आणि रानात भक्ष्य उदंड केले, तोच एखाद्या रात्री दरड कोसळवून सारा संसार वाहून नेतो. तेव्हा ऋतू शिल्लक असेल तर हे जोडपे पुन्हा नव्याने खणू लागते.

या धैर्याला निसर्गाचा कोप पुरून उरत नाही, मनुष्याचा व्यवहार मात्र उरू शकेल, अशी भीती मला वाटते. ओढ्याच्या काठाची ती हातभर कच्ची माती महसुलाच्या कोणत्याही हिशेबात मोलाची ठरत नाही. म्हणून पात्र बांधून काढताना सिमेंटची भिंत बिनदिक्कत उभी राहते, आणि तिच्यात चोच शिरत नाही. कर्नाळ्याच्या रानातून तर मुंबई-गोवा महामार्गच जातो. जिल्ह्याचा पक्षी म्हणून ज्याचा गौरव केला, त्याच्यासाठी ओढ्यांचे काही काठ न बांधता, झाडोऱ्यासह जसेच्या तसे राखण्याची तजवीज व्हावी, आणि ती पुढच्या मृगापूर्वी व्हावी.