थांब ना रे, एकच क्लिक!

माझ्या मोबाइलच्या गॅलरीत फुलपाखरांचे चारशे सतरा फोटो आहेत. त्यातले धड किती? नऊ! बाकीच्यांत रिकामं फूल, हललेलं पान, नाहीतर कोपऱ्यातून सटकणारा पिवळा ठिपका. हसू नका, तुमची गॅलरी काही वेगळी नसणार.

गेल्या सप्टेंबरात हा रेकॉर्ड सुधारायचा असं ठरवलं. सेकंडहँड कॅमेरा, हप्त्यावर घेतलेली मॅक्रो लेन्स आणि एका डेडलाइनला सरळ टांग. प्लॅन सोपा होता. शनिवारी पहाटे साताऱ्याजवळचं कास, दुपारी कराडमार्गे सागरेश्वर आणि रात्री सांगलीला घरी आईच्या हातची भाकरी. पुण्याहून निघालं की एका वीकेंडमध्ये हे सगळं बसतं.

कास तुम्हाला मी काय सांगणार? इन्स्टाग्रामवर तुम्ही ते माझ्याआधी पाहिलंय. सुमारे १२०० मीटर उंचीवरचं जांभ्या खडकाचं पठार, त्यावर मातीचा जेमतेम थर आणि पावसाळ्याच्या शेवटी त्या थरावर फुलांचा हा एवढा धिंगाणा. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून गर्दी विचारू नका. ऑनलाइन बुकिंग करूनच जा. कवल्याची पिवळी फुलं (सगळे त्याला मिकी माऊस म्हणतात, आणि दिसतंही तसंच), गेंदाची पांढरी बटणं, तेरड्याचा गुलाबी गालिचा. आणि सीतेची आसवं! नखाएवढं निळं-जांभळं फूल, पण ही वनस्पती कीटक खाते. मातीत पोषण नाही, मग करणार काय बिचारी?

त्या आसवांचा क्लोजअप मला हवा होता. आखलेल्या वाटेवरून तो मिळेना. म्हणून दोनच पावलं आत गेले आणि पोटावर आडवी झाले. फोटो आला, मस्त आला. उठून कपडे झटकले आणि मागे पाहिलं, तर तिथे माझ्या मापाचा एक खड्डा! कोपरं, गुडघे, सगळं व्यवस्थित उमटलेलं. तोवर शिट्टी वाजली. राखणीला असलेले एक काका आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुमचा झाला फोटो. मागनं येणाऱ्यानं काय बघायचं?"

इथली बरीचशी झुडपं एका पावसाळ्यापुरतीच जगतात. फूल येतं, बी पडतं, संपलं. बी पडायच्या आधी चिरडलं, तर पुढच्या वर्षीचंही गेलं. हे मला ठाऊक होतं, लेख लिहिताना वापरलंही होतं. तो फोटो मी कुठेही टाकलेला नाही. डिलीटही करवत नाही.

सागरेश्वरला पोचेपर्यंत मूड गेलेलाच होता, पण ही जागा भारी आहे. सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावाजवळ. उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना बरोबर घेऊन झाडं लावली, प्राणी आणून सोडले आणि १९८५ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. मानवनिर्मित! क्षेत्र अकरा चौरस किलोमीटरही नाही. वरून कृष्णाकाठचा ऊस लांबवर पसरलेला दिसतो. मला चितळाचा फोटो मिळाला. म्हणजे, हे चितळ आहे असं मी सांगितल्यावर कळतं. वाटेत एका ओल्या खड्ड्याभोवती मात्र पिवळ्या फुलपाखरांची पार्टी चालली होती. ओल्या मातीतले क्षार शोषायला हे नर असे घोळक्याने बसतात आणि त्या नादात तुम्हाला चक्क जवळ येऊ देतात. नऊमधले दोन फोटो इथले.

उरलेले सात? ते आमच्या गल्लीतले.

रविवारी सकाळी चेहरा पाडून चहा पीत होते. बाबा म्हणाले, "कोपऱ्यावरच्या प्लॉटमध्ये चल. साडेआठला तिथं रुईवर ऊन येतं." बाबा रिटायर्ड आहेत, त्यांच्याकडे चार वर्षांपूर्वीचा फोन आहे आणि मॅक्रो म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. पण ऊन कधी येतं ते माहीत आहे! फुलपाखराला उडायला अंग तापवावं लागतं. सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसतं, तेव्हाच तुमचा चान्स. दहा-साडेदहानंतर तुम्ही फक्त धावता. पंख पूर्ण पसरले असतील तर कॅमेरा त्यांना समांतर धरा, नाहीतर एक पंख शार्प आणि दुसरा धुक्यात. आणि तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. शंभरातले नव्वद शॉट सावलीनेच जातात (हा माझाच आकडा, चारशे आठ फसलेल्या फोटोंवरून).

रुई म्हणजे तीच, शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती. तिचा चीक विषारी. प्लेन टायगरची अळी नेमकी हीच पानं खाते, विष अंगात साठवते आणि मग पक्षी त्या केशरी फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. गंमत पुढे आहे. डॅनेड एगफ्लायच्या मादीत विष नसतं, पण ड्रेस हुबेहूब तोच! प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, हिच्या पंखावर तो पुंजका नसतो. वर्षभर माझ्या वॉलपेपरवर 'प्लेन टायगर' म्हणून हीच बाई मिरवत होती. बाबांनी चष्मा वर करून ठिपके मोजले आणि काही न बोलता फोन परत दिला.

त्यानंतर तीन रविवार मी सांगलीला गेले, फक्त त्या प्लॉटसाठी. तीच पाच झाडं, तीच वेळ. कुठल्या फांदीवर कोण बसतं ते कळायला लागलं, आणि एकदा कळलं की धावावं लागत नाही.

दिवाळीत गेले तर प्लॉटला पत्र्याचं कुंपण आणि आत जेसीबी. मालकाची जागा, मालकाचा हक्क, भांडणार कुणाशी? बाबांनी आदल्या दिवशीच रुईच्या दोन फांद्या तोडून आणून कंपाउंडच्या भिंतीलगत खोचल्या होत्या. आईचा वेगळाच वाद, "दारात रुई लावतं का कुणी?" एक फांदी वाळली. दुसरीला पाच पानं आलीत.

परवा बाबांनी फोटो पाठवला. पानाखाली पांढरा टिंब, फोकस अर्थातच मागच्या भिंतीवर. अंडं की धूळ, काही कळत नाही. रविवारी जातेय.