सौंदडीखाली आबा

ज्येष्ठात झालान्याच्या डोंगरावर बघण्यासारखं काही उरत नाही. धोंकाची झाडं पानं टाकून राखेच्या रंगाची होतात, दगड आणि खोडं वेगळी ओळखू येत नाहीत. दुपारी लू सुटते, तेव्हा जयपूर दारं लावून घेतं. अशा वेळी आमच्या कुंपणापलीकडची खेजडी मात्र हिरवीगार असते. पाऊस महिनाभर लांब असतो आणि हिच्या फांद्यांना सांगरीच्या कोवळ्या शेंगा लोंबत असतात. पाणी कुठून आणते, तर खालून. हिची मुळं विहिरीच्याही खाली जातात, असं इथले शेतकरी सांगतात.

आबांची खुर्ची याच झाडाखाली असे.

आबा साताऱ्याकडचे. आजी गेल्यावर आणि वडिलांची बदली इथे झाल्यावर ते एक ट्रंक घेऊन जयपूरला आले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. पहिल्या संध्याकाळी ते अंगणात उभे राहिले, ओसाड डोंगराकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. मग कुंपणाशी जाऊन त्यांनी एक बारीक डहाळी हातात घेतली, पानं चुरगाळली, काटा बोटाला लावून बघितला. "आगं पोरी, ही तर आपली सौंदड!" परमुलखात गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

सौंदड म्हणजे शमी. गावाकडे दसऱ्याला शिवेवर सीमोल्लंघनाला जायचं ते हिच्यापाशी. राजस्थानात ती खेजडी, १९८३पासून या राज्याचा राज्यवृक्ष. नांगरट करताना शेतकरी तिला वळसा घालतो, कारण तिच्या सावलीत बाजरी खुरटत नाही, उलट जोम धरते. थंडीत तिचा पाला छाटून शेळ्या-उंटांना घालतात. त्याला इथे लूंग म्हणतात. छाटलेली खेजडी पौषात अगदी बोडकी दिसते. "आता उन्हाळ्यात बघ," आबा म्हणायचे. उन्हाळ्यात ती पालवायची.

आबा २ पॅरा, मराठा पलटणीतले. डिसेंबर १९६१मध्ये ते उसगाव, फोंडा या वाटेने गोव्यात शिरले. आम्ही मुलांनी लढाईचं विचारलं की ते पोफळीच्या बागांचं सांगत. पहाटे पानांवरून टपटपणारं दव, पाटाचा आवाज, फणसाच्या झाडावरचे मिरवेल. कोरड्या माणदेशाच्या शेजारच्या पोराने एवढं पाणी पहिल्यांदाच पाहिलं होतं. पोर्तुगीज माघार घेताना पूल उडवत गेले होते, म्हणून नद्या जमेल तशा ओलांडाव्या लागल्या. १९ डिसेंबरला पणजी आपली झाली. त्यांच्या पॅराशूट ब्रिगेडचे ब्रिगेडियर होते सगतसिंग, याच राजस्थानच्या वाळूतले. आबा त्यांचं नाव घेताना खुर्चीत सरळ बसायचे.

१९७१च्या बांगलादेश युद्धात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जनरल झालेले सगतसिंग पूर्वेकडून मेघनेच्या काठी आले. समोरचा आशुगंजचा पूल शत्रूने उडवलेला. त्यांनी हेलिकॉप्टरमधून फौज पलीकडे नेली. आबांची पलटण ११ डिसेंबरच्या दुपारी टांगाइलला छत्र्यांनी उतरली, पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायला. पाचव्या दिवशी ती ढाक्यात होती. त्या उडीबद्दल आबांनी मला एवढंच सांगितलं, की खाली तळीच तळी होती, प्रत्येक तळ्यात एकेक आभाळ होतं, आणि त्यातल्या कोणत्या आभाळात आपण पडणार ते कळत नव्हतं. ते जलपर्णीत पडले. गावकऱ्यांनी ओढून बाहेर काढलं.

सगतसिंग निवृत्तीनंतर जयपूरलाच राहिले होते. एकाच गावात असूनही आबा त्यांना कधी भेटायला गेले नाहीत. "मोठ्या झाडाला सारखं हात लावायला जायचं नसतं," म्हणायचे. २००१च्या सप्टेंबरात सगतसिंग गेल्याची बातमी पेपरात आली. त्या दिवशी आबा जेवले नाहीत, तिन्हीसांजेपर्यंत खेजडीखाली बसून राहिले. एक होला तिथे घुमत होता. ते त्याच्याकडे बघत होते की नाही, सांगता येणार नाही.

फाल्गुन सरला की डोंगराच्या पायथ्याशी रुईची बोंडं तडकतात. मग म्हाताऱ्या उडायला लागतात. रुपेरी केसांचा झुबका, खाली चपटं तपकिरी बी. आबा त्यांच्या मागे नजर लावून बसायचे. एखादी अंगणात उतरली की आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. "तिची तिला जागा बघू दे." कुठली काटेरी जाळीत अडकायची, कुठली गच्चीवरच्या सिमेंटवर वाळायची, एखादी मातीत टेकायची. त्यांचे ओठ तेव्हा हलायचे. ते मोजत असत, असं मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

एकदा आम्ही त्यांना विराटनगरला नेलं. जयपूरच्या उत्तरेला, जुनं नाव बैराट. पांडव अज्ञातवासात राहिले ते हेच नगर, असं लोक मानतात. टेकडीवर हत्तीएवढ्या गोल शिळा एकमेकींना रेलून बसल्या आहेत. त्यांच्यामध्ये बौद्ध काळातल्या वर्तुळाकार मंदिराचा पाया आहे. याच परिसरात अशोकाचा शिलालेख सापडला, तो आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. कलिंगानंतर ज्याने तलवार बाजूला ठेवली, त्याचे शब्द, आणि गांडीव ज्या शमीवर चढवलं तिची कथा, दोन्ही एकाच मातीतली. आबा धापा टाकत वर आले, शिळेच्या सावलीत टेकले. म्हणाले, "शस्त्रं टांगल्यावर पांडवांनी झाडाला प्रेतही बांधलं, ठाऊक आहे? कुणी जवळ जाऊ नये म्हणून. त्या झाडाने वर्षभर दोन्ही सांभाळलं. शस्त्रंही आणि प्रेतही."

पुढे ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून कुंपणापलीकडच्या खेजडीकडे मला निव्वळ झाड म्हणून बघता आलं नाही, आणि आबांकडे निव्वळ आजोबा म्हणून. तिचा पाला शेळ्यांना, शेंगा शेजारच्या काकीसांच्या केर-सांगरीला, सावली येणाऱ्या-जाणाऱ्याला. आत काय टांगलेलं आहे, ते तिचं तिला ठाऊक.

दर दसऱ्याला आबा त्या खेजडीची पूजा करत. नीलपंख दिसेपर्यंत तारांकडे बघत राहत, मग डहाळ्या तोडून पाटावर पाकिटं मांडत. प्रत्येकात पाच-सहा पानं आणि चिठोरं: सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. पाकिटं जात पलटणीतल्या सोबत्यांना, सातारा, कोल्हापूर, खानापूरकडे. मी लहान असताना ती अकरा होती. दहावीत गेले तेव्हा सहा. मग दोन. कमी झालेल्या पत्त्यावर आबा वहीत फुली मारत नसत, शेजारी एक पान चिकटवत.

गेल्या वर्षी माघात आबा गेले, सत्त्याऐंशीव्या वर्षी. खेजडी नुकतीच छाटलेली होती. अंगणात सावली पडायला काही नव्हतं.

दसऱ्याला मी वही काढली. दहा पत्त्यांशेजारी वाळकी पानं होती. आबांच्या पत्त्याची गरज कधी पडली नव्हती. मी तो शेवटी लिहिला आणि त्याच्याशेजारी पान चिकटवलं. उरलेला एक पत्ता पाकिटावर उतरवला.

दिवाळीनंतर साताऱ्याहून उत्तर आलं. अक्षर तरुण होतं. लिहिलं होतं, पाकीट आलं त्याच्या आठवडाभर आधी आजोबा गेले. पानं त्यांच्या फोटोपाशी ठेवली आहेत. आमच्या शिवेवरची सौंदड रस्ता रुंद करताना तोडली, म्हणून पुढल्या वर्षीही पाठवा. माझ्या नावाने पाठवलीत तरी चालेल.

आता ज्येष्ठ आहे. लू सुटली आहे. खेजडीला सांगरी धरली आहे आणि वहीत तेराव्या पत्त्याची ओळ भरली आहे.